मशरूमच्या बेडमध्ये काय भरायचं? स्वस्त माल आणि परवडणारा माल यातला फरक

धिंगरी म्हणजेच ऑयस्टर मशरूम सुरू करणाऱ्याला सगळे सांगतात, भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड आणा. पण तुमच्याकडे भात होतच नसेल तर? किंवा उन्हाळ्यात तोच माल चाऱ्यासाठी चढ्या भावाने जात असेल तर? अशा वेळी दुसरा माल शोधावाच लागतो.

धिंगरीचं एक बरं आहे. बटण मशरूमला आधी कंपोस्ट तयार करावं लागतं. धिंगरीची बुरशी मात्र वाळलेल्या काडातलं सेल्युलोज आणि लिग्निन स्वतःच फोडून खाते. म्हणून शेतातला बराचसा वाळलेला पालापाचोळा चालतो. चालतो, पण सगळा सारखा चालत नाही.

सोयाबीनचं कुटार: विदर्भ-मराठवाड्यात सहज मिळतं. मळणीयंत्रातून बारीक होऊनच येतं, त्यामुळे कापायची मजुरी वाचते. फार बारीक असेल तर बेडमध्ये दबून बसतं, हवा खेळत नाही. थोडं लांब काड मिसळा. काढणीच्या पावसात भिजून काळं पडलेलं कुटार फुकट मिळालं तरी घेऊ नका.

उसाचं पाचट: पश्चिम महाराष्ट्रात भरपूर, आणि बरेच जण ते जाळूनच टाकतात. पण पानं गुळगुळीत असतात, पाणी लवकर पीत नाहीत. दोन-तीन इंचांचे तुकडे करून नीट भिजवावं लागतं.

कपाशीच्या पऱ्हाट्या: लाकडासारख्या कडक. श्रेडर नसेल तर नादी लागू नका. शिवाय पिकावर कोणती फवारणी झाली ते आधी विचारा, कारण मशरूम आपल्याला खायला विकायचं आहे.

केळीची वाळलेली पानं: जळगावकडच्या मंडळींसाठी पर्याय आहे. पूर्ण वाळलेलीच घ्या.

आता मुद्द्याचं. समजा, एका बेडमध्ये १ किलो कोरडा माल बसतो. स्पॉन, पिशवी, इंधन आणि मजुरी मिळून बेडला ३० रुपये लागतात. (आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.)

पहिला माल ३ रुपये किलो, बेडमागे ४०० ग्रॅम मशरूम. खर्च ३३ रुपये, म्हणजे किलोला साधारण ८२ रुपये.

दुसरा माल ६ रुपये किलो, बेडमागे ७०० ग्रॅम. खर्च ३६ रुपये, म्हणजे किलोला साधारण ५१ रुपये.

१२० रुपये भाव मिळाला तर पहिल्यात बेडमागे १५ रुपये सुटतात, दुसऱ्यात ४८. २०० बेडवर हेच ३,००० आणि ९,६०० होतात. खोली तीच, कष्ट तेच. बघा, दुप्पट भावाचा माल इथे स्वस्त पडला! कारण बेडच्या खर्चात भुशाचा वाटा छोटा असतो, पण उत्पादन त्याच्यावर ठरतं. म्हणून भुशाचा भाव किलोवर बघू नका, निघालेल्या मशरूमवर बघा.

मग आपल्या भागात कोणता माल जास्त देतो, हे कसं कळणार? टेम्पोभर माल आणायच्या आधी प्रत्येक प्रकारचे १० बेड भरा. स्पॉन एकाच दिवसाचं, खोली एकच, भरणारा माणूसही एकच. प्रत्येक तोडणीचं वजन वहीत वेगळं लिहा आणि हिरवी बुरशी लागून किती बेड फेकले तेही लिहा. फेकलेल्या बेडचा खर्चही हिशोबात धरायचा असतो.

कोणताही माल घ्या, तीन गोष्टी सोडायच्या नाहीत:

१. गरम पाण्यात ८० अंशांच्या आसपास तासभर निर्जंतुक करा.

२. मूठ घट्ट दाबली की तळहात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. जास्त पाणी म्हणजे सडका बेड.

३. उत्पादन वाढावं म्हणून सुरुवातीलाच कोंडा मिसळू नका. त्यातल्या नत्रावर हिरवी बुरशीही जोमाने वाढते, आणि साध्या गरम पाण्याने ती आवरत नाही.

शेवटचं, खरेदी सुगीतच करा. सोयाबीनचं कुटार ऑक्टोबरमध्ये आणि गव्हाचं काड मार्च-एप्रिलमध्ये मुबलक असतं. कोरड्या जागेत झाकून ठेवलं तर ऐन हंगामात धावपळ होत नाही. आधी १० बेडची वही भरा, मगच टेम्पो बोलवा.