शाळेतील इंग्रजीच्या तासाला नेमके काय शिकवावे?

आपल्या वसई-विरार परिसरात कोणत्याही पालकाशी मुलांच्या शिक्षणाविषयी बोलू लागलो की दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीचा विषय निघतो. "मुलगा फाडफाड इंग्रजी बोलला पाहिजे" ही प्रत्येकाची इच्छा असते आणि ती रास्तच आहे. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहातून सावित्रीबाई फुले यांनीही आपल्या लोकांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला होता. तेव्हा इंग्रजी शिकावे की नाही हा वाद आपल्यापुरता केव्हाच मिटला आहे. इंग्रजीच्या तासाला शाळेने शिकवावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माध्यमाच्या शाळांतून पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आजचा विद्यार्थी दहावी होईपर्यंत तब्बल दहा वर्षे इंग्रजी शिकतो. परीक्षेत त्याला ६०-७० गुणही पडतात. परंतु तोच विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत गेला आणि भौतिकशास्त्राचे इंग्रजी पान समोर आले की गोंधळून जातो. मग कित्येक मुले "आपल्याला सायन्स झेपत नाही" असे समजून शाखा बदलतात. वास्तविक विज्ञान अडलेले नसते, वाचन अडलेले असते. या एका गैरसमजापायी आपली किती हुशार मुले मागे पडली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मग हे गुण येतात कोठून? धड्याखालची उत्तरे गाईडमधून पाठ होतात, पत्र व निबंध साच्यात बसवून पाठ होतात. न वाचलेला उतारा येतो खरा, परंतु त्यावरही मुलांनी तोडगा काढला आहे. प्रश्नातील ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढायची! उतारा काय सांगतो हे न कळताही गुण मिळतात. (यात मुलांच्या चलाखीचे कौतुक करावे की शिक्षणाचे दुःख करावे, हे समजत नाही.)

आमच्या मते शाळेच्या इंग्रजीने दोन गोष्टींवर भर द्यावा. अनोळखी पान स्वतःच्या बळावर वाचून त्याचा अर्थ लावता येणे ही पहिली आणि जे कळले नाही ते इंग्रजीतून विचारता येणे ही दुसरी. उच्चाराची ऐट, सुभाषिते, अवघड शब्दांच्या याद्या या सर्वांचा नंबर त्यानंतर.

पहिल्या गोष्टीचा उत्तम दाखला परमपूज्य बाबासाहेबांच्या बालपणात आहे. सुभेदार रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरीच करून घेतल्या होत्या, हे त्यांच्या चरित्रातून वाचावयास मिळते. तर्खडकरांची वाक्ये आजच्या मुलांना हसू आणतील, परंतु त्या पद्धतीत एक मर्म होते. अर्थ समजल्याशिवाय मराठीचे इंग्रजी किंवा इंग्रजीचे मराठी करताच येत नाही, तेथे नक्कल चालत नाही. पुढे याच बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र समाजाशी बोलण्यासाठी १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. इंग्रजीसाठी मराठी सोडावी लागते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अलीकडचेही एक उदाहरण आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांतून एक प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर ओळखला जातो. त्यात व्याकरणाचे नियम आधी सांगण्याऐवजी मुलांना इंग्रजीतून सोडवावयाची कोडी दिली जात. नकाशा पाहून रस्ता काढणे, वेळापत्रक वाचून गाडी निवडणे, अशी ती कामे असत. मुलांचे लक्ष उत्तर शोधण्याकडे लागे आणि भाषा त्या ओघात अंगवळणी पडे.

असे धडे आपल्याकडे तर रोज दारात उभे आहेत. लोकलचे इंग्रजी वेळापत्रक वर्गात आणावे आणि विचारावे : नालासोपाऱ्याहून निघून दादरला नऊच्या आत पोहोचायचे आहे, कोणती गाडी धरावी? हीच गाडी गोरेगावला थांबते का? रविवारी 'जम्बो ब्लॉक'ची सूचना लागली आहे, ती वाचून सांगा, कोणत्या वेळेत गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या आहेत? पोराने "धिस ट्रेन गो, दॅट ट्रेन लेट" असे मोडकेतोडके उत्तर दिले तरी प्रथम ते स्वीकारावे. त्याने अर्थ लावलेला असतो. 'गो' चे 'गोज' कसे होते, हे मग त्याच वाक्यावरून सांगावे. तेथे व्याकरण लक्षात राहते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, बँकेचे पत्र, शिष्यवृत्तीचे परिपत्रक, घराचा करारनामा यांचाही असाच उपयोग करता येईल. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार मुख्यतः इंग्रजीतूनच चालते, ही गोष्टही मोठ्या विद्यार्थ्यांना सांगावी.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. वर्गात गुरुजी विचारतात, मुले उत्तर देतात, हीच रीत. त्यामुळे प्रश्न रचण्याचा सराव होत नाही. मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद पुढे आणावे लागते. 'तू गेलास का?' याचे आपली मुले 'यू वेन्ट?' करतात, 'डिड यू गो?' त्यांच्या तोंडी येत नाही. "व्हॉट डझ धिस वर्ड मीन?" हे एक वाक्य ज्याला निःसंकोच उच्चारता येते तो कॉलेजात, कचेरीत, मुलाखतीत कोठेही अडणार नाही. म्हणून आठवड्यातून एक तास असा असावा की प्रश्न मुलांनी करावेत आणि उत्तरे शिक्षकांनी द्यावीत.

घरात इंग्रजी ऐकावयास मिळत नाही, ही सबब नव्हे, वस्तुस्थिती आहे. आपल्या भागातील कित्येक मुलांच्या घरी वारली, वाडवळी किंवा भोजपुरी बोलली जाते. त्यांना तर शाळेतील मराठीही नव्याने शिकावी लागते. अशांसाठी तो शाळेचा तासच सर्वस्व असतो. तो फळ्यावरील उत्तरे उतरवून घेण्यात जाऊ नये. अर्थ समजावण्यासाठी शिक्षकांनी मराठी वापरली तर त्यात कमीपणा नाही.

संस्थेच्या सभासदांना येथे एक सुचवावेसे वाटते. जेथे अभ्यासिका चालते तेथे एक इंग्रजी दैनिक सुरू करावे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींनी शाळेतल्या मुलांसोबत बसून त्यातील एकच छोटी बातमी पूर्ण वाचावी. एकाने वाचावे, दुसऱ्याने मराठीत सांगावे, तिसऱ्याने इंग्रजीत प्रश्न विचारावा. आरंभ आठवीच्या मुलांपासून करावा, कारण दहावीचे वर्ष परीक्षेच्या धावपळीत निघून जाते.