एक तरी मोठे माणूस

समलिंगी मुलामुलींना शाळेत होणारा छळ इतर छळांपेक्षा एका बाबतीत वेगळा असतो. त्याची तक्रार घरी करता येत नाही. जातीवरून किंवा धर्मावरून टोमणे खाऊन घरी आलेल्या मुलाचे आईवडील त्याच जातीचे, त्याच धर्माचे असतात. ते टोमणे त्यांनीही कधीतरी ऐकलेले असतात. समलिंगी मुलाचे आईवडील बहुधा समलिंगी नसतात. शर्टाची बटणे तुटलेल्या अवस्थेत घरी आलेल्या मुलाला कोणी मारले हे सांगता येते, पण कशावरून मारले हे सांगायला जीभ रेटत नाही. ते सांगितले तर घरचा मार वेगळा बसेल अशी धास्ती असते. पुष्कळदा तर त्याचे उत्तर त्या मुलालाच नीट उमगलेले नसते. 'बायल्या' ही हाक सहावी-सातवीतच सुरू होते, ती चालण्यावरून, आवाजावरून, खेळाच्या तासाला कडेला बसण्यावरून. अशी हाक ज्यांच्या वाट्याला येते ती सगळी मुले समलिंगी नसतात. उलट, जी असतात त्यांतल्या अनेकांवर कोणाला संशयही येत नाही. ती मागच्या बाकावर बसून सगळे ऐकत असतात, कधीकधी स्वतःवर बालंट येऊ नये म्हणून इतरांबरोबर हसतातही.

मुलींचा छळ दिसायला सौम्य असतो. मारहाण क्वचित होते. वसतिगृहात कुजबुज सुरू होते, खोली बदलली जाते, डबा खाताना शेजारी कोणी बसत नाही. बातमी घरी पोचली की मोबाइल काढून घेतला जातो, शिक्षण थांबते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. याला कोणी छळ म्हणत नाही, मुलीची काळजी म्हणतात. म्हणून तो कोणत्याही नोंदीत येत नाही.

या मुलांना धीर द्यायचा तर कोणी आणि कसा, या प्रश्नाला अलीकडच्या काळातले सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेत २०१० साली मिळाले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये, समलिंगी म्हणून छळ झालेल्या अनेक किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. त्यांतले एक प्रकरण टायलर क्लेमेंटी या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याचे होते. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात तो नुकताच दाखल झाला होता. त्याच्या खोलीतल्या सहविद्यार्थ्याने वेबकॅमवरून त्याच्या खासगी क्षणांवर पाळत ठेवली आणि त्याबद्दल ट्विटरवर लिहिले. हा सहविद्यार्थी भारतीय वंशाचा असल्याने त्याच्यावरचा खटला भारतीय वृत्तपत्रांतही छापून आला. कोणत्याही आत्महत्येमागे एकच एक कारण नसते, हे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार सांगतात. तरी या सगळ्या बातम्यांत एक धागा समान होता: आजूबाजूच्या मोठ्या माणसांना छळ दिसत होता, निदान दिसायला हवा होता.

सिएटलमधले स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांनी इंडियाना राज्यातल्या अशाच एका १५ वर्षांच्या मुलाविषयी वाचले. आपल्याला त्याच्याशी पाच मिनिटे बोलता आले असते तर, असे त्यांना वाटून गेले. पण शाळेत जाऊन अशा मुलांशी बोलायचे तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी लागते, आणि ती मिळण्याची शक्यता नव्हती. मग त्यांच्या ध्यानात आले की यूट्यूबच्या काळात ती मागायची गरजच नाही. सॅव्हेज आणि त्यांचे पती टेरी मिलर यांनी स्वतःच्या शाळेतल्या वाईट दिवसांविषयी आणि नंतरच्या सुखी संसाराविषयी बोलून तो व्हिडिओ २१ सप्टेंबर २०१० रोजी टाकला. त्याचे नाव 'इट गेट्स बेटर'. मतलब असा की हे दिवस जातील, पुढे बरे दिवस येतील. शंभरेक लोक असे व्हिडिओ करतील अशी त्यांची अपेक्षा होती. आले हजारो. पोलीस, नट, पिक्सारचे कर्मचारी, आजीआजोबा, आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बराक ओबामाही.

यातला सर्वांत अस्सल क्षण मात्र कोणा प्रसिद्ध व्यक्तीचा नव्हता. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराचे नगरसेवक जोएल बर्न्स १२ ऑक्टोबर २०१० रोजी सभागृहात बोलायला उभे राहिले. अशा सभांत रस्ते आणि गटारे यांवर बोलायचे असते. बर्न्स १३व्या वर्षी शाळेबाहेर मोठ्या मुलांनी आपल्याला गाठून काय केले ते सांगू लागले. पुढचा मजकूर हातातल्या कागदावर लिहिलेला होता, पण तो त्यांना वाचता येईना. आवरता न येणाऱ्या हुंदक्यांत त्यांनी तो भाग गाळला आणि थेट आजच्या मुलांना उद्देशून बोलले. हे भाषण लाखो लोकांनी पाहिले.

मोहिमेवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. शहरात राहणारे, शिकलेले, बहुतांशी गोरे पुरुष 'पुढे बरे होते' म्हणतात, कारण त्यांचे झालेले असते. पैसा नाही, घर सोडून जाण्याची सोय नाही, अशांचे काय? दुसरा आक्षेप अधिक टोकदार होता. नववीतल्या मुलाला आणखी तीन वर्षे सोस, असे सांगणे म्हणजे छळ करणाऱ्यांना आणि त्याकडे काणाडोळा करणाऱ्या शाळेला तीन वर्षांची मोकळीक देणेच होय. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थी संघटनांनी म्हणूनच 'मेक इट बेटर', म्हणजे परिस्थिती आत्ताच सुधारा, अशी स्वतंत्र मोहीम काढली. आशेचा उपयोग आहेच. जगात आपल्यासारखा दुसरा कोणी नाही असे वाटणाऱ्या मुलाला हजार चेहरे दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. पण उद्या सकाळी त्याला त्याच वर्गात जायचे असते.

वर्गातली जबाबदारी कोणाची, हे अमेरिकेतल्या एका खटल्याने त्याआधीच ठरवले होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲशलंड गावातल्या जेमी नॅबोझ्नीचा छळ सातवीपासून सुरू झाला. तो स्वच्छतागृहात जायला घाबरे, कारण तिथे त्याच्या अंगावर लघवी करण्यात आली होती. वर्गात मुलांनी त्याला खाली पाडून बलात्काराचे सोंग केले. पुढे पोटात इतक्या लाथा बसल्या की शस्त्रक्रिया करावी लागली. आईवडील वारंवार शाळेत गेले. समलिंगी असल्याचे उघड दिसू दिले तर असे होणारच, असे उत्तर मुख्याध्यापिकेकडून मिळाल्याचे खटल्यात नोंदले गेले. मुलींचा छळ झाला तर कारवाई करणारी शाळा समलिंगी मुलाच्या छळाकडे दुर्लक्ष करत असेल तर तो समान वागणुकीच्या हक्काचा भंग ठरतो, असा निकाल संघीय अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यानंतर ज्युरीने शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरले आणि सुमारे ९ लाख डॉलरवर तडजोड झाली. शाळांना जाग आली ती बरीचशी या आकड्याने.

या निकालाच्या आधीच मुलांनी स्वतःही एक मार्ग काढला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत १९८८ साली इतिहासाचे शिक्षक केव्हिन जेनिंग्ज यांच्या मदतीने समलिंगी आणि भिन्नलिंगी विद्यार्थ्यांचे एकत्र मंडळ सुरू झाले. आठवड्यातून एकदा एका वर्गात बसायचे, गप्पा मारायच्या, एवढेच. या मंडळांना विरोध कुठवर गेला याचा मासला सॉल्ट लेक सिटीचा. तिथल्या शाळा मंडळाने १९९६ मध्ये एका शाळेतले असे एक मंडळ रोखण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरची सगळीच मंडळे बंद करून टाकली. तसे करणे भाग पडले ते एका संघीय कायद्यामुळे, आणि गंमत म्हणजे तो कायदा शाळेत बायबलची मंडळे चालावीत म्हणून त्याच राज्याच्या सिनेटरने पुढे रेटला होता. चार वर्षांनी बंदी मागे घ्यावी लागली. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अशी मंडळे असलेल्या शाळांत समलिंगी म्हणून होणारा छळ सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

हेल्पलाइनची कहाणी याहून निराळी आहे. 'ट्रेव्हर' नावाच्या लघुपटाला १९९५ साली ऑस्कर मिळाले. त्याचा नायक डायना रॉसच्या गाण्यांचा वेडा असलेला १३ वर्षांचा मुलगा आहे. १९९८ मध्ये हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवायचे ठरले तेव्हा निर्मात्यांना वाटले की पाहणाऱ्यांत असा एखादा ट्रेव्हर असेल, त्याच्यासाठी पडद्यावर फोन नंबर द्यावा. शोधल्यावर कळले की अशा मुलांसाठी देशभर चालणारा नंबर अस्तित्वातच नाही. त्यांनी तो स्वतः सुरू केला. तीच 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' ही संस्था. अमेरिकेच्या सरकारी हेल्पलाइनवरही या तरुणांसाठी वेगळी सोय २०२२ मध्ये झाली होती, ती जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. बरे दिवस आपोआप येत नाहीत आणि आलेले टिकतातच असेही नाही.

संशोधनातून जे हाती आले ते सामान्य पालकाला सर्वाधिक उपयोगी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात, किशोरवयात घरून तीव्र नकार मिळालेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, नकार न मिळालेल्या किंवा अल्प मिळालेल्यांच्या तुलनेत, आठ पटींहून अधिक आढळले. ट्रेव्हर प्रोजेक्टच्या पाहणीत, आपल्याला स्वीकारणारे एक तरी मोठे माणूस ज्यांच्या आयुष्यात होते त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होते. ते माणूस आई किंवा वडीलच असायला हवे असे नाही. मावशी, काका, पीटीचे सर, शिकवणीच्या बाई, कोणीही चालते.

भारतात चित्र काय आहे? युनेस्कोने तामिळनाडूत केलेल्या पाहणीत, छळ टाळण्यासाठी निम्म्याहून अधिक तरुणांनी वर्ग बुडवले होते आणि सुमारे एकतृतीयांशांनी शाळा सोडली होती. कायदा मात्र बराच पुढे सरकला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्टपणे रॅगिंग ठरवला. म्हणजे महाविद्यालयात 'मामू' म्हणून एखाद्याला वाळीत टाकणे ही थट्टा नाही, तो कारवाईस पात्र प्रकार आहे. वसतिगृहांच्या रेक्टरांपैकी कितीजण हे जाणून आहेत, हा वेगळा प्रश्न.

मुलाला 'बरे' करण्यासाठी डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेणे हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. २०२१ मध्ये मदुराईच्या दोन तरुणींचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आले. आपल्याला या विषयाची पुरेशी जाण नाही, असे मान्य करून न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे सत्र घेतले आणि मग निकाल दिला. लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर त्यांनी बंदी आणण्यास सांगितले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. न्यायमूर्तींना जमले ते एखाद्या मुख्याध्यापकाला जमायला हरकत नाही.

महाराष्ट्रात मदतीची परंपरा जुनी आहे. अशोक राव कवी यांनी १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट स्थापन केला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट. खिरे यांनी या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले, हे काम तितकेच मोलाचे. लेस्बियन स्त्रियांसाठी मुंबईत १९९५ पासून काम करणारा गट आज लेबिया या नावाने ओळखला जातो. मुंबईच्या आयआयटीत 'साथी' हा विद्यार्थी गट २०११ पासून आहे. पालकांच्या बाजूने रंगकर्मी आणि चित्रपट दिग्दर्शिका चित्रा पालेकर उघडपणे बोलल्या. मुलगी लेस्बियन असल्याचे कळल्यावर त्यांनी आधी स्वतः हा विषय समजून घेतला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात या मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पालकांत त्या सामील झाल्या. हे सगळे बहुतांशी मुंबई-पुण्यापुरते, ही उणीव खरी. बीड किंवा गडचिरोलीतल्या मुलापर्यंत यातले फारसे काही पोचत नाही. त्याच्यासाठी शाळेतले शिक्षक हीच संस्था.

शिक्षकाच्या हातात बरेच असते. वर्गात चिडवण्याचा शब्द कानावर आला की तिथल्या तिथे थांबवावा. तो न ऐकल्यासारखे करणे म्हणजे परवानगी, असाच अर्थ मुले काढतात. 'तू तसा आहेस का' असे विचारू नये. मारहाणीची माहिती पालकांना द्यावी, पण तिच्यामागचे कारण मुलाच्या संमतीशिवाय सांगू नये, कारण घर सुरक्षित आहे की नाही हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असते. पालकांनी मूल काही सांगू लागले तर मध्येच तोडू नये. पहिल्या दिवशी सगळे समजले पाहिजे, पटले पाहिजे, अशी अट नाही. 'तू आमचाच आहेस' किंवा 'तू आमचीच आहेस' एवढे त्या दिवशी पुरते. लग्न लावून दिले की ठीक होईल, हा सल्ला देणारे नातेवाईक भेटतीलच. त्यात आणखी एका व्यक्तीचे आयुष्य भरडले जाते, एवढे त्यांना सांगावे.

छळाने खचलेल्या, जीव नकोसा झालेल्या मुलाला एकटे सोडू नये आणि मदत मागायला उशीर करू नये. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. १८ वर्षांखालील मुलांसाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.