एका पानाएवढी जमीन

(बी. ए. भाग दोन)

मोटारींच्या शर्यतीचा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यातून लिहिणाऱ्या मुलीच्या घरी मोटार नाही, आणि शर्यत तिने पाहिली ती मोबाइलच्या पडद्यावर. परंतु ज्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावले तो वाटतो तितका दूरचा नाही. रस्त्यावरची मोटार ट्रॅकवर पळवायची तर तिच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर का बदलावे लागतात? आणि तशी बदललेली मोटार कोहमारा-गोंदिया रस्त्यावर आणली तर काय होईल? पहिल्याचे उत्तर नीट कळले की दुसऱ्याचे आपोआप कळते.

माझा मावसभाऊ गोंदियाला एका गॅरेजात मिस्त्री आहे. एसटीला अवकाश असला की मी तिथल्या बाकावर बसते. मागच्या दिवाळीनंतर एका तरुण गिऱ्हाइकाने जुनी, पण जोरकस इंजिनाची मोटार आणली आणि सोबत खोक्यातून नवा स्प्रिंग-शॉकअपचा संच. त्यातले माहितीपत्रक इंग्रजीत. दादाने ते माझ्याकडे दिले. "तू कॉलेजात जाऊन राहिली ना, मंग सांग बरं का लिहून आहे ते." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा कागद, दवाखान्याचा कागद, खताच्या पोत्यावरचा मजकूर, सगळे माझ्याकडेच येते. हेही आले. शब्दकोश आणि विज्ञान शाखेतली एक मैत्रीण यांच्या मदतीने चार संध्याकाळी त्यात गेल्या.

शब्दकोशाने सुरुवातीलाच दगा दिला. 'सस्पेन्शन' म्हणजे 'निलंबन'. आमच्याकडे निलंबन तलाठ्याचे होते, मोटारीचे होत नाही! तेव्हा या लेखात मी गॅरेजातलेच शब्द वापरले आहेत.

आता मूळ गोष्ट. मोटार केवढीही असो, जमिनीला तिचे फक्त टायर टेकतात, आणि टायरही सगळा टेकत नाही. हिशेब सोपा आहे. हजार किलोची मोटार धरा. एका चाकावर अडीचशे किलो. टायरात हवा ३२ पौंडांची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. वजन हवेनेच तोलायचे असल्यामुळे अडीचशेला सव्वादोनने भागले की टेकलेली जागा निघते : सुमारे ११० चौरस सेंटिमीटर. एक तळहात म्हणा ना! चारी चाकांची मिळून साडेचारशेच्या आतच. वाचकहो, हा अंक तुमच्या हातात आहे, त्याचे एक पान साधारण तेवढेच भरेल. वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे, ही सारी कामे मोटार या एका पानाएवढ्या जमिनीवर करते. ट्रॅकसाठी जे जे बदल करतात ते एवढ्यासाठीच, की हे पान जमिनीवर पूर्ण टेकलेले राहावे आणि त्याची पकड घट्ट असावी.

या हिशेबातून आणखी एक गंमत कळते. रुंद टायर बसवला म्हणून पान फारसे मोठे होत नाही. वजन तेच, हवा तेवढीच, तर जागाही जवळजवळ तेवढीच. बदलतो तो तिचा आकार. आधी लांबट होती ती आडवी होते. वळणावर याचा फायदा आहे. पण खरा फरक पडतो तो रबराने. त्याकडे पुढे येऊ.

आपल्या बंडीला स्प्रिंग नसते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली; चाक खड्ड्यात गेले की बंडी जाते आणि बसणाऱ्याची कंबरही जाते. बैलाचा वेग बेताचा म्हणून ते निभते. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले. खड्ड्याचा पहिला मार तेव्हापासून हवा खाऊ लागली. पण मोटारीच्या वेगाला तेवढे पुरत नाही. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग लागते. ट्रकला पाटे असतात, मोटारीला वेटोळ्यांची स्प्रिंग. स्प्रिंगेत एक खोड आहे. दाबल्यावर ती जोर साठवते आणि सोडल्यावर परत देते. देताना गाडीला गरजेपेक्षा वर उडवते, मग खाली, पुन्हा वर. ही उसळी मोडायला शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते, दट्ट्या हलला की ते बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते, आणि उसळीचा जोर उष्णता होऊन जिरतो. शॉकअप गेलेल्या काळी-पिवळीत मागच्या बाकावर बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र त्रास केवळ आपल्या पाठीला होतो असे नाही. चाक उसळत असताना आपले ते पान अर्धवट उचललेले असते, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक लावावा लागला तर गाडी थांबायला जास्त जमीन घेते.

आता वळण. मोटार डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलतो. मोटारीचे वजनही तसेच उजव्या चाकांवर जाते. किती जाते? मघाचीच हजार किलोची मोटार घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर. ट्रॅकवर, चांगल्या टायरांवर, वळणात बाहेर ओढणारा जोर मोटारीच्या वजनाइतका होऊ शकतो. अशा वेळी ५० भागिले १५०, म्हणजे एक तृतीयांश वजन, सुमारे ३३३ किलो, आतल्या बाजूचे उठून बाहेरच्या बाजूवर जाते. आधी दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे होते. आता बाहेर ८३३ आणि आत १६७.

मग बिघडले कुठे, एकूण वजन तर तेच आहे! इथेच टायरची मेख आहे. वजन वाढले की टायरची पकड वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी कमी वाढते. बाहेरचे दोन टायर जे कमावतात ते आतल्या दोघांनी गमावलेले भरून काढू शकत नाही. म्हणून डावी-उजवीकडची ही बदली जितकी कमी, तितकी मोटार वळणात जास्त वेग सोसते. आणि वेगाचा हिशेब कठोर आहे : त्याच वळणावर वेग दुप्पट केला तर बाहेर ओढणारा जोर चौपट होतो.

कडक स्प्रिंग बसवली की ही बदली कमी होते, असा गॅरेजा-गॅरेजांतून समज आहे. दादाचाही होता. ते खरे नाही. वरच्या हिशेबात स्प्रिंग कुठेच आलेली नाही. आहेत ती फक्त उंची, रुंदी आणि वेग. कडक स्प्रिंगेने कमी होते ते गाडीचे कलणे. मोटार तीन सेंटिमीटर खाली बसवली तर ३३३ ची बदली ३१३ वर येते. वीस किलोंचा फरक. शर्यतीत सेकंदाच्या दशांशासाठी झगडणाऱ्याला तो मोलाचा आहे. भाजी आणायला जाणाऱ्याला नाही.

मग ट्रॅकवर स्प्रिंगा कडक कशासाठी? एक तर खाली बसवलेली मोटार जमिनीला घासू नये म्हणून. दुसरे, कलताना चाकांचा कोन बिघडतो तो आवरावा म्हणून. साध्या लहान मोटारीची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन-अडीच किलो लागतात. त्या खोक्यातल्या स्प्रिंगेला सहा किलो लागत होते. एवढ्या कडक स्प्रिंगेची उसळीही तशीच दांडगी, म्हणून तिला जोडीचाच शॉकअप हवा. एकाची स्प्रिंग आणि दुसऱ्याचा शॉकअप हा संसार टिकत नाही.

चाकांच्या कोनाचे काम फार नाजूक आहे. ट्रॅकच्या मोटारीकडे समोरून पाहिले तर तिची पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतात, दोन-तीन अंश. मोटार वळणात बाहेर कलली की बाहेरचे चाक नेमके सपाट टेकावे, ही त्यातली योजना. सरळ रस्त्यावर मात्र असा टायर आतल्या कडेवर चालतो आणि ती कड लवकर खाऊन टाकतो. याशिवाय डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी कांब असते. मोटार कलू लागली की ती पिळली जाते आणि कलणे रोखते. पुढची कांब जाड केली तर वळणात मोटारीचे नाक बाहेर जाऊ पाहते, मागची जाड केली तर शेपूट. चालवणाऱ्याच्या सवयीप्रमाणे हा तोल साधतात. हे मला स्वयंपाकासारखे वाटले. तिखट वाढवले म्हणून मीठ विसरून चालत नाही.

रबराचे तसे नाही, तिथे मधला मार्ग फारसा नाही. ट्रॅकचा टायर मऊ असतो आणि तापल्यावरच नीट चिकटतो. शर्यतीचे टायर साधारण ८० ते १०० अंशांवर आपले काम चोख करतात. थंड असताना तेच घसरतात. तापल्यावर आतली हवा फुगते, म्हणून चालवणारे सुरुवातीला हवा थोडी कमी ठेवतात आणि फेऱ्या मारून आल्याबरोबर पुन्हा मोजतात. शर्यतीच्या कोरड्या टायरवर नक्षी नसते, कारण तेवढे जास्त रबर जमिनीला लागते. नक्षी ही पाण्यासाठी असते. तिच्या खाचांतून पाणी बाजूला गेले नाही, तर वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि आपले ते पान जमिनीवरून पूर्णपणे सुटते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या धानाच्या जिल्ह्यात रस्त्यावर पाणी किती असते, हे मी काय सांगावे!

ट्रॅकची जमीनच वेगळी असते. चेन्नईजवळचा १९९० सालचा, कोइमतूरचा २००३ सालचा किंवा ग्रेटर नोएडाचा २०११ सालचा, या ट्रॅकांवर गाय आडवी येत नाही, समोरून ट्रक येत नाही, आणि चुकले तर सावरायला वळणाबाहेर मोकळी जागा असते. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवरच सलून गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आमच्या भागातला शंकरपट २०१४ च्या न्यायालयीन बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा मोकळा झाला. त्यातही हेच दिसते. पटाची जागा खडे वेचून, ढेकळे फोडून सारखी करतात. शेणखताची बंडी पटावर कोणी नेत नाही, आणि पटाची हलकी छकडी शेणखताला कोणी जुंपत नाही.

त्या गिऱ्हाइकाला मात्र एकाच मोटारीत दोन्ही हवे होते. संच बसवून झाल्यावर त्याने मागणी केली, की गाडी आणखी खाली घ्या, स्प्रिंगेची दोन वेटोळी गॅसने कापा. दादाने नकार दिला. कापलेली स्प्रिंग आखूड होते. चाक लोंबकळले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. गॅसच्या आचेने पोलादाचे पाणीही उतरते. "कोहमाऱ्याच्या रस्त्यावर खड्डा आला तर चाक हवेत राहील बावा, अन् समोरून धानाचा ट्रक." मालकाला हा नकार आवडला नाही. असे गिऱ्हाइक दोन महिन्यांची मजुरी एका दिवसात देऊन जाते. ते काम दुसऱ्या कोणी केले की नाही, ते आम्हाला कळले नाही. दादाने त्याला सुचवले होते ते असे : चाकांचे दोन जोड ठेव, ट्रॅकचे वेगळे, रस्त्याचे वेगळे, आणि उंची माहितीपत्रकातल्या सर्वांत वरच्या खुणेवर. ट्रॅकवर हौसेने जाणारे पुष्कळ जण करतात ते हेच.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८९ प्रमाणे परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे.

ज्यांना ट्रॅकशी काही कर्तव्य नाही त्यांनी टायरच्या बाजूवर दोन गोष्टी पाहाव्यात. मोटारीच्या टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. खाचेच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. आणि एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. रबर न वापरताही वयाने कडक होते, म्हणून हे पाहायचे. एसटी चुकली की आम्ही ज्या काळी-पिवळीने येतो तिच्या मागच्या डाव्या चाकावर १४१३ आहे. उजव्या चाकावरचे आकडे घासून गेलेले आहेत.