राखेची कांच

आपल्या जुन्या घरांत राखेस कोणी कचरा म्हणत नसे. चुलींतील गोवऱ्यालांकडांची राख भांडीं घासण्यास, कडधान्यास कीड लागूं नये म्हणून त्यांत मिसळण्यास, आणि उरलीच तर परसांतील झाडांच्या मुळाशीं घालण्यास उपयोगी पडे. ती राख निर्धोक होती, याचें कारण चुलींत जाई तें निर्धोक असे. आजच्या शहरी कचऱ्याच्या राखेविषयीं तसें म्हणतां येत नाहीं, आणि तिचें करावें काय हा साधा प्रश्न नव्हे.

शहराचा कचरा मोठ्या भट्टींत जाळला म्हणजे त्याचें आकारमान सुमारें नऊ दशांशांनीं घटतें. परंतु वजनाचा पांचवा ते चौथा हिस्सा राखरूपानें मागें राहतोच. यांतील जड राख भट्टीच्या तळाशीं सांचते आणि बारीक राख धुरांतून गाळून काढावी लागते. या दुसऱ्या राखेंत शिसें, जस्त, कॅडमियम हे धातू व डायॉक्सिन नांवाचीं विषारी द्रव्यें अधिक असतात. ती उघड्यावर टाकल्यास पावसाच्या पाण्याबरोबर तें विष जमिनींत व विहिरींत उतरण्याचें भय असतें.

जपानांत हा प्रश्न फार तीव्र झाला. तेथें सपाट जमीन थोडी, म्हणून कचरा पुरण्यापेक्षां जाळण्याकडेच कल. १९९९ सालीं डायॉक्सिनविरुद्ध तेथें स्वतंत्र कायदा झाला, आणि राख वितळवून तिची कांच करण्याच्या उपायास मोठी चालना मिळाली.

राखेची कांच होते कशी, असें वाचक विचारतील. वाळूंतील सिलिका, चुना व अॅल्युमिना हे कांचेचे व चिनी मातीच्या भांड्यांचे घटक राखेंतही असतात. १२०० ते १५०० अंश उष्णता दिली कीं राखेचा रस होतो. तो पाण्यांत एकदम थंड केल्यास काळे कांचकण मिळतात. सावकाश निवूं दिल्यास त्यांत स्फटिक धरून दगडासारखा कठीण पदार्थ बनतो, आणि त्यापासून फरश्याही करतां येतात. इतक्या उष्णतेंत डायॉक्सिन नष्ट होतें व पुष्कळसे धातू कांचेच्या जाळ्यांत अडकून पडतात. शिसें, जस्त यांसारख्यांचा कांहीं भाग वाफ होऊन निसटतो. तो पुन्हां धरून त्यांतील धातू काढून घेतां येतात. अशा कांचकणांचा उपयोग काँक्रीटांत व रस्त्यांत करण्यासाठीं जपाननें २००६ सालीं अधिकृत प्रमाणें ठरवून दिलीं.

ही विद्या मुळांत नवी नव्हे. चीनमधील कुंभार तीन हजार वर्षांपूर्वींच लांकडाच्या राखेनें भांड्यांस झिलई देत. मध्ययुगीन युरोपांतील कांचकार बीच वृक्षाच्या राखेपासून कांच करीत. नवें आहे तें राखेंतील विष आणि तें बांधून ठेवण्याची गरज.

मात्र येथें एक अडचण आहे. राख वितळविण्यास इंधन किंवा वीज फार लागते. टोकिओ शहरानें अशा भट्ट्या उभारल्या. पण २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई भासली, आणि त्यांतील बऱ्याच पुढें बंद करून राखेचा मोठा भाग सिमेंटच्या कामीं लावण्यांत आला. शहराच्या पश्चिमेस तामा विभागांत तर २००६ पासून राखेपासूनच सिमेंट करण्याचा कारखाना चालूं आहे. या जातीच्या सिमेंटाच्या एका टनांत कचऱ्याची राख व तत्सम टाकाऊ द्रव्यें निदान ५०० किलो असावीं, असा जपानी नियम आहे.

आमच्या मतें या इतिहासांतून घेण्याजोगा बोध हा कीं, विष कांचेंत बांधतां येतें, पण त्याची किंमत मोजावी लागते. जें भट्टींत जातच नाहीं, त्याची राख वितळवावी लागत नाहीं. वापरून संपलेले विजेऱ्यांतील सेल, बंद पडलेले दिवे व पाऱ्याचे तापमापक कचऱ्यांत न टाकतां वेगळे काढून योग्य ठिकाणीं पोंचते करणें, ओला कचरा निराळा ठेवून त्याचें खत करणें, हीं कामें घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांस लावून द्यावींत. पूर्वीं घरोघरची राख निर्धोक असे, कारण चुलींत काय घालावें हें गृहिणी पाहून घेत. कचऱ्याच्या टोपल्यांत काय पडतें हें आतां घरांतील सर्वांनींच तितक्या काळजीनें पाहिलें पाहिजे.