पिकाच्या राखणीची बंदूक व तिचें काडतूस

जोंधळा हुरड्यास आला म्हणजे रानडुकरांचा उपद्रव वाढतो व आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील शेतकरी बंधु बंदुकीचा विचार करूं लागतात. महसूल खात्याच्या नोकरींत शस्त्रपरवान्यांचीं दप्तरें आमचे हातून पुष्कळ गेलीं. त्या अनुभवावरून चार शब्द लिहितों.

बंदुकीपूर्वीं काडतूस पाहावें, हें आमचें पहिलें सांगणें. १९०७ चे सुमारास इंग्रज सरकारनें ०.४५० मापाचीं काडतुसें हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली, तेव्हां विलायती कारागिरांस ०.४७० वगैरे नवीं मापें काढावीं लागलीं. अशाच एका जुन्या मापाची, आजोबांची रायफल घेऊन एक गृहस्थ कचेरींत आले होते. हत्यार उत्तम; परंतु काडतूस सोलापुरांत नाहीं व पुण्यासही नाहीं. डुकरांनीं दोन एकर जोंधळा आडवा केला व रायफल खुंटीसच राहिली. उलटपक्षीं ०.३१५ व १२ बोर यांचीं काडतुसें आपल्याच देशांत, खडकीच्या कारखान्यांत, होत आलीं आहेत.

आतां या दोहोंत कोणतें घ्यावें? ०.३१५ ची गोळी सुमारें १६ ग्रॅमची; नेम चुकल्यास ती मैलाहूनही दूर जाते. डोंगराळ मुलखांत मागें टेकडी असते. आमचें रान सपाट. जोंधळ्याच्या ताटांनीं गोळी अडत नाहीं, आणि पलीकडील वस्तीवर कोणाचीं तरी लेंकरें निजलेलीं असतात. पौंडभर शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्यास त्यांतील एक जींत बसेल, ती १२ बोराची नळी. तिच्या एल. जी. काडतुसाचे मोठे छर्रे ४० यार्डांपर्यंत भरंवशाचे. पुढें ते पांगतात व जोर लवकर ओसरतो. तथापि कांहीं शें यार्ड तेही घातक होत. म्हणून माळ्यावर बसून खालीं नेम धरावा. चुकलेला बार मातींत जातो. आमचे मतें सपाट रानास १२ बोरच योग्य.

एक गोष्ट विसरूं नये. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि काळविटास तर पिकाच्या कारणाकरितां मारतांच येत नाहीं. प्रथम अर्ज, मग काडतूस, आणि शेवटीं बंदूक, हा क्रम राखावा. पीक वांचेल आणि शेजारीही.