कंपनी वेगळी, तरी लिंक जुळते

फायबरच्या दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे ट्रान्सीव्हर हवेत, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापायी चांगली मॉड्यूल कपाटात पडून राहतात. प्रत्यक्षात पलीकडचे मॉड्यूल कुणी बनवले हे अलीकडच्या मॉड्यूलला कळायला वावच नसतो. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त प्रकाश. निर्मात्याचे नाव मॉड्यूलमधल्या छोट्या मेमरीत असते आणि ते वाचतो तो स्वतःचा स्विच. काही स्विच अनोळखी नाव दिसताच पोर्ट बंद करतात. ही अडचण मॉड्यूल आणि त्याच्या स्विचमधली आहे, दोन मॉड्यूलमधली नव्हे.

खाचेत बसले म्हणजे चालेल, हेही खरे नाही. १ गिगाबिटचे एसएफपी आणि १० गिगाबिटचे एसएफपी प्लस आकाराने सारखेच. पण तांब्याच्या केबलवर दोन टोके आपसात वेग ठरवतात, तसे इथे होत नाही. एका टोकाला १ आणि दुसऱ्याला १० असेल तर लिंक येणारच नाही. २५ गिगाबिटला आणखी एक अट येते: चुका दुरुस्त करणारी एफईसी ही सोय दोन्हीकडे सारखीच लावलेली हवी.

वेग जुळला तरी तरंगलांबी आणि धागा पाहावाच लागतो. एसआर प्रकारचे मॉड्यूल ८५० नॅनोमीटरवर, मल्टीमोड धाग्यासाठी. एलआर १३१० वर, सिंगल मोडसाठी. ही जोडी जमत नाही. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालवणाऱ्या बायडाय मॉड्यूलमध्ये तर दोन टोके वेगळीच असावी लागतात: एक १२७० वर पाठवते आणि १३३० वर ऐकते, दुसरे उलट. हौसेने एकसारखी दोन घेतली की लिंक मेलेली.

सर्वात जास्त नुकसान करणारा गैरसमज म्हणजे लांब पल्ल्याचे मॉड्यूल जवळच्या अंतराला अधिकच चांगले. ८० किलोमीटरचे झेडआर साधारण ० ते +४ डीबीएम इतका प्रकाश सोडते, आणि त्याचा रिसीव्हर जेमतेम −७ पर्यंत सोसतो. अशी दोन मॉड्यूल मीटरभर पॅच कॉर्डने थेट जोडली तर रिसीव्हर कायमचा जाऊ शकतो. मध्ये निदान ११ डेसिबलचा ॲटेन्युएटर हवाच.

एलआर आणि १५५० वर पाठवणारे ईआर यांची जोडी मात्र अनेकदा जुळते, कारण दोघांचे रिसीव्हर सहसा १३१० आणि १५५० दोन्ही ओळखतात. मानकात या जोडीची हमी नाही, म्हणून हिशेब आपणच करायचा, तोही दोन्ही दिशांचा वेगवेगळा. समजा अंतर २० किलोमीटर. ईआरकडून किमान −४.७ निघाले आणि वाटेत सुमारे ५ डेसिबल गेले, तर −९.७ उरतात, एलआरला −१४.४ पर्यंत पुरते. उलट दिशेला एलआरचे किमान −८.२. १३१० वर घट जास्त, सुमारे ७, उरले −१५.२. ईआरची मर्यादा −१५.८, आणि कनेक्टरची घट तर अजून धरलेलीच नाही. एक दिशा निवांत, दुसरी काठावर.

अशा लिंकवर दिवा हिरवाच दिसतो, म्हणून सगळे ठीक असे मानू नका. बहुतेक मॉड्यूल मिळणारा प्रकाश स्वतः मोजतात. स्विचवर तो आकडा दोन्ही टोकांना पाहा, आणि सीआरसी चुकांचा (बिघडून आलेल्या फ्रेमचा) आकडा काही दिवसांनी पुन्हा तपासा. तो वाढत असेल तर आधी कनेक्टर पुसा, मगच मॉड्यूल बदला.