दहा वेळा ०.१ मिळवले, तरी १ होत नाही

दहावीच्या गणितात अंकगणिती श्रेढी शिकवतात. पहिले पद आणि दोन पदांतला फरक कळला की कितवेही पद सूत्राने थेट काढता येते. प्रोग्रॅम लिहायला बसले की मात्र पुष्कळजण ते सूत्र विसरतात आणि मागच्या संख्येत फरक मिळवत पुढे जातात. पूर्णांकांत हे चालते, दशांशात दगा होतो.

० पासून दर फेरीला ०.१ मिळवत गेले की दहाव्या फेरीला १ येणारच, हा सगळ्यांत घट्ट गैरसमज. पायथॉनमध्ये प्रत्यक्षात ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते आणि अकराव्या फेरीला १ ओलांडलेला असतो. त्यामुळे ‘बरोबर १ झाला की थांब’ अशी अट घातलेले लूप थांबतच नाही. यात दोष पायथॉनचा नाही. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हेच घडते. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश ०.३३३… असा लांबतच जातो, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश लांबत जातो. संगणकाला तो कुठेतरी तोडावाच लागतो.

एवढ्याशा तुकड्याने काय बिघडते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा चालून आलेले स्कड क्षेपणास्त्र रोखू शकली नाही; २८ सैनिक ठार झाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत तोडून ठेवला होता. सलग १०० तास चालल्यावर चूक सुमारे ०.३४ सेकंदांची झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते.

पायथॉनच्या नमपाय या गणिती लायब्ररीत ठरावीक अंतराने संख्या देणारे ‘अरेंज’ शेवटची संख्या कधीच धरत नाही, असेही ठामपणे सांगितले जाते. १ पासून १.३ पर्यंत ०.१ च्या अंतराने संख्या मागून पाहाव्यात: यादीत १.३ हजर असतो. पदे किती हे तिथे भागाकारावरून ठरते, आणि तो ३ पेक्षा तिळभर जास्त भरल्याने चौथे पद येते.

नमपायमधल्याच ‘लिनस्पेस’ला किती संख्या हव्यात हे आपणच सांगतो, म्हणून हा घोळ टळतो. पण ० ते १ मध्ये १० संख्या मागितल्या तर अंतर ०.१ नव्हे, ०.१११… मिळते. शंभर फुटांच्या सरळ कुंपणाला दर दहा फुटांवर खांब रोवायचा तर खांब अकरा लागतात, तसेच इथे ११ संख्या मागाव्या लागतात.

लूपच लिहायचे असेल, तर ० ते १० हे पूर्णांक मोजावेत आणि प्रत्येकाला १० ने भागावे. शेवटची संख्या बरोबर १ येते.